पत्र्यावरचा डोंगर

३ सप्टेंबर

—आणि त्या सकाळी मी चादरी पिळत होते. बाकी सगळं आवरलं होतं. चहाची भांडी घासून पालथी घातलेली, केर काढलेला, नळाखाली बादली लावलेली. हे मागच्या दाराने आले. हातात पत्रा. रंग ओला, म्हणून दोन्ही तळव्यांवर तोललेला — पाहुण्यांपुढे ताट आणावं तसा.

"दोरी मोकळी कर. चादरी नंतर."

"चादरींना ऊन लागतं. तुमच्या पाटीला काय लागतं?"

"सावली. आणि गप्प बसणारी बायको."

मी ओला पिळा त्यांच्या अंगावर झटकला. पत्रा वाचवायला ते असे गर्रकन पाठमोरे झाले की — आत्ताही हसू आलं. मग पत्रा भिंतीला टेकवून उभे राहिले. मी विचारलं, "झाली?" म्हणाले, "बारीक काम राहिलंय." मी म्हटलं, "झाडं काय अशी? पाय मुडपून बसल्यासारखी?" म्हणाले, "बघ की जाऊन." त्यांचं उत्तर नेहमी असंच. मला धुणं होतं.

आज हे आठवायचं कारण, वाचनालयाच्या बाईंनी मला बोलायला सांगितलंय! 'एक चित्र, एक वाचक' म्हणून त्यांचा कार्यक्रम असतो. कुणीतरी एक चित्र आणायचं, त्यावर बोलायचं. आजवर पुस्तकातली छापील चित्रंच झाली. "या वेळी तुमच्या घरातलं," म्हणाल्या. "यजमानांनी काढलेलं. सतरा तारखेला, दुपारी." मी म्हटलं, अहो, ते चित्र नव्हे. पाट्या रंगवणाऱ्या माणसाने जुन्या पत्र्यावर उरलेला रंग लावलाय. हेसुद्धा त्याला पाटीच म्हणायचे. बाई म्हणाल्या, "मग पाटी वाचा. वाचता येतं ना?"

येतं. पण मी वाचायला शिकले ती शाळेत नाही, लग्नानंतर. ह्यांच्या पाट्यांवर. 'दवाखाना'. 'येथे थुंकू नये'. हातभर उंच अक्षर, चुकायची सोयच नाही.

हो म्हणून आले.

५ सप्टेंबर

चित्र भिंतीवरून उतरवलं, टेबलावर टेकवलं, धूळ पुसली. हे गेल्यापासून रोज समोर आहे आणि आज पहिल्यांदा पाहिलं. माणूस गेला की त्याच्या वस्तूंकडे आपण बघत नाही. नुसत्या सांभाळतो.

बाईंनी जाड पुस्तक दिलंय, चित्र कसं पाहावं याचं. त्यात म्हटलंय, आधी अर्थ लावू नका. दिसतं तेवढं लिहा. तर—

डोंगर. आपल्याच घरामागचा. हे वाचनालयाच्या गच्चीवर बसून काढायचे. ओढ्यापलीकडून तो अख्खा दिसतो. आपल्याला घरातून कधीच दिसत नाही. पायथ्याशी राहणाऱ्याला डोंगर म्हणजे मागची झुडपं. चित्रात तो उशा रचून ठेवाव्यात तसा आहे, गोल गोल. हिरवे रंग चकचकीत, पाट्यांचेच. झाडं एका साच्यातली, डोक्यावर हिरवा गोळा. पण बुंधे सरळ नाहीत. जमिनीतून निघतात ते उताराकडे आडवे, आणि मग वर वळतात. गळासारखे. मेंढ्या पांढऱ्या, सगळ्या उजव्या कडेला दाटून. डावीकडे एवढं मोठं कुरण — तिथे एकही नाही. कुंपणाचे खांब कुणी इकडे, कुणी तिकडे. पायवाट उजवीकडून आडवी चढत येते, मध्येच तुटते, आणि जरा खाली पुन्हा सुरू होते. कुरणाच्या मधोमध एक गडद डाग. वर, माथ्याखाली, बारीक काळी रेघ. भुवईसारखी. आकाश बोटभर. डोंगराचं पोट खाली सुटलेलं.

आणि त्याच्याही खाली काही नाही. तपकिरी पट्टा. आपली घरांची ओळ तिथेच आहे ना? आपलं घर, शेजारचं, पुढची सगळी. ह्यांनी एकही घर काढलं नाही.

पाहुणे म्हणायचे, "काय शांत वाटतं हो बघून!" मला मात्र या चित्राकडे पाठ करून कधी बसवलं नाही. का ते आजही लिहिता येत नाही.

६ सप्टेंबर

मागचं दार पुन्हा अडकलं. मुलाने रंधा मारला. घरात सुतार असल्याचा एवढा तरी फायदा.

८ सप्टेंबर

टाचणी आली. शेजारची शिंपीण. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून मी ठेवलेलं नाव. ती मला 'पेंटरीणबाई' म्हणते, फिट्टंफाट.

"काय गं, नवऱ्याला भिंतीवरून उतरवलंस?"

म्हटलं, भाषण आहे. या चित्रावर.

"यात काय बोलायचंय? झाडं वाकडी आहेत म्हणून सांग आणि खाली बस." टाचण्या पडू नयेत म्हणून ती ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसते. मग जवळ आली. "पण खरं सांगू? उभी रेघ मारावी तर तुझ्याच नवऱ्याने. माझ्या पाटीवरचे काने बघ. ओळंबा सोडून मारल्यासारखे. झाडापाशीच काय झालं याला?"

खरं आहे. ह्यांची नजरच ओळंबा होती. कुणाकडे चहाला गेलो की चहा यायच्या आधी म्हणायचे, "तुमची चौकट डावीकडे झुकलीय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरमालक इरेला पेटून माप लावायचा — आणि निघायचीच झुकलेली!

मग झाडं?

"म्हातारपण," टाचणी म्हणाली. "माझी सुई आता दोऱ्याला विचारून चालते. त्याचाही हात हलला असेल."

असेल.

९ सप्टेंबर

दूध आणायला गेले आणि डेअरीपुढे पाय थबकला. डेअरीची पाटी! ह्यांनीच रंगवलेली, मुलगा तान्हा होता तेव्हाची. गाय, आणि गायीमागे हाच डोंगर. रोज बघते. आज वाचली. तीच पायवाट, पण अखंड, थेट वरपर्यंत. तेच कुंपण, खांब कंगव्याच्या दातांसारखे. झाडं सरळ. भुवई नाही.

"मावशी," डेअरीवाला म्हणाला, "किटली पुढे करा की. दूध काय पाटीवर ओतू?"

हे भाषणात घेता येईल. तरुण हाताचा डोंगर, थकलेल्या हाताचा डोंगर. पुस्तकात याला शब्द आहे — उत्तरकालीन शैली. छान शब्द. घरी येऊन मोठ्याने म्हणून पाहिला. बरं नाही वाटलं.

११ सप्टेंबर

पाऊस धरलाय. चित्र चादरीत गुंडाळून वाचनालयात नेलं. ड्रॉइंगच्या सरांना दाखवायला. शाळेतून निवृत्त झालेत, आता रोज वाचनालयात बसतात, सगळ्यांच्या चहाचे पैसे देतात. फार चांगला माणूस. चित्र खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे ओलावले त्यांचे.

"ताई, हा माणूस उपजत चित्रकार होता. बघा, सगळा भार डावीकडे दिलाय. मग मेंढ्या उजवीकडे का? तोल साधायला! वाट तोडली — आपली नजर अडखळावी म्हणून. वाकडे बुंधे म्हणजे लय. सगळं चित्र खाली ओघळतंय, दिसलं?"

मी विचारलं, "आणि घरं?"

"गाळली! मुद्दाम गाळली. माणसाची लुडबुड नको त्यांना. ताई, हे खरं ठिकाण नाहीच. मनातलं ठिकाण आहे हे."

येताना तो शब्द डोक्यातून जाईना. मनातलं ठिकाण. म्हणजे ह्यांच्या मनात सगळं खाली ओघळत होतं? इतकं एकाकी होतं त्यांचं मन, की बायको, मुलगा, घर काहीच नको वाटलं? मी शेजारी झोपत होते आणि मला पत्ता नाही! छातीत दुखतं हे लपवलं तसं हेही लपवलं असेल.

चित्र पुन्हा भिंतीवर लावलं. जेवण गेलं नाही.

१२ सप्टेंबर

पाऊस. नळाला गढूळ पाणी. मागचं दार परत अडकलं.

सूनबाई म्हणाली, "अहो, रंधा मारून मारून दाराची खिडकी होईल आता!"

मुलगा म्हणाला, "लाकूड फुगतंय. पावसाळा आहे."

"मागच्या पावसाळ्यात लाकडाला सुट्टी होती का?"

मुलाने रंधा उचलला. नात हसली, कारण तिची आई हसली.

१३ सप्टेंबर

स्वयंपाकघरातल्या फरशीला केसाएवढी भेग. सूनबाई म्हणते, जुनी आहे. मला आठवत नाही.

१४ सप्टेंबर

सावकाश लिहिते.

ओळीतल्या सगळ्या नळांना वरच्या झऱ्याच्या टाकीतून पाणी येतं. नळवाला तापाने पडलाय. सकाळी पाऊस उघडला तशी सूनबाई म्हणाली, मीच वर जाऊन टाकी बघून येते. मी म्हटलं, मीही येते.

"आई, आणि गुडघे?"

"ते घरी ठेवते."

मला कुंपण बघायचं होतं, भाषणासाठी. नळ आले तेव्हापासून आमच्यापैकी कुणी वर जात नाही.

झुडपं संपली. मी मान वर केली आणि उभीच राहिले.

झाडं तशीच होती.

एकूण एक. बुंधा जमिनीतून आडवा निघालेला आणि मग वर वळलेला. एकाला पाठ टेकायला गेले तर टेकेना, बसायलाच जागा झाली. बसले. सूनबाई हसली, "मामंजींनी बसायची सोय बघून काढलीत वाटतं!" आणि मग तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिनेही ते चित्र रोज पाहिलंय.

आम्ही पुढे गेलो. वाट एका जागी संपली आणि तीच वाट खालच्या अंगाला पुन्हा सुरू झाली. कुणी सुरीने कापून तुकडा खाली सरकवावा तशी. कुंपणाचे खांब दारू प्यायल्यासारखे. मधला तो गडद डाग — तिथे पाय घोट्यापर्यंत आत गेला. झरा तिथे नाही, झरा पलीकडे आहे. तरी पाणी पाझरत होतं. टाकीची नळी वीणेच्या तारेसारखी ताणलेली, सांध्यातून उघडलेली. नळाच्या पाण्यात माती तिथूनच जात होती. कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या. उजव्या कडेला. डावीकडे एवढं गवत, आणि एकही मेंढी तिकडे पाय टाकत नव्हती.

सूनबाई एकटी वर चढून गेली. परत आली तेव्हा ओठ पांढरे. "आई, भेग आहे. पार इकडून तिकडे. काठी आत घातली, पूर्ण गेली. हातातून सुटली."

भुवई.

ह्यांनी लय काढली नव्हती. थकवा नव्हता तो. तुटलेली वाट दिसली, तुटलेली वाट काढली. डोंगर खाली येत होता, ह्यांनी तो येताना जसा दिसला तसा काढला. कळलं त्यांनाही नसणार. कळलं असतं तर हा माणूस गप्प बसणारा नव्हे — कुणाची चौकट बोटभर झुकली तर चहा सोडून सांगायचा! ह्यांच्या मनात काही ओघळत नव्हतं. तिथे, त्या उतारावर, मला इतकं हलकं वाटलं. आणि लगेच सूनबाईचा हात धरून खाली निघाले. कारण मग डोंगर खरा होता. आणि त्याच्या पोटाखाली आमचं घर.

मुलगा ऐकेना. "बाबांच्या चित्रावरून घर सोडायचं?"

"चित्रावरून नाही रे. डोंगरावरून."

"डोंगर माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे, आई."

मी म्हटलं, ओळंबा आण.

"कशाला?"

"आण तर."

त्याने मागच्या दाराच्या चौकटीला ओळंबा सोडला. आम्ही दोरा थांबायची वाट पाहत राहिलो. वर चौकटीला टेकलेला, आणि खाली — मध्ये माझी मूठ गेली असती. भिंत आत येत होती. लाकूड कधीच फुगलं नव्हतं.

मुलगा खाली बसला. दाराच्या तासलेल्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "आणि मी तासत बसलो." सुताराने दोष लाकडाला दिला, पेंटरच्या बायकोने हाताला. आपल्याला जे येतं, तेवढंच आपण बघतो.

१५ सप्टेंबर

मुलगा कचेरीत जाऊन आला. साहेब दौऱ्यावर. पाहणी होईल म्हणाले.

वाचनालयाच्या बाईंनी खालच्या हॉलची किल्ली दिली. सूनबाई नातीला घेऊन गेली. चित्रही तिच्याबरोबर दिलं. मी दारोदार फिरले. "पेंटरीणबाई, पाऊस दर वर्षी पडतो." "आमच्या घराचा पाया दगडी आहे." "बघू. रविवारी बघू."

टाचणी म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या वाकड्या झाडांपायी मी माझं मशीन उचलू? लोखंडी आहे बाई. त्याला पाय आहेत पण चालत नाही."

तिला माझ्या घरात ओढत नेऊन फरशी दाखवली. भेगेत आता बोट जातं. टाचण्या तोंडातून काढून तिने हातात घेतल्या.

१७ सप्टेंबर

भाषण झालं. खूप माणसं आली, ओळीतली जवळजवळ सगळी. मजा बघायला आली असतील, पण आली. मुलाने डेअरीवाल्याला विचारून पाटी उतरवून आणली होती. दोन्ही पत्रे शेजारी शेजारी उभे केले. तयार केलेलं काही बोलले नाही. नुसतं बोट ठेवत गेले, पोराला अक्षरं शिकवावीत तसं. ही वाट. ही तीच वाट. हे झाड. हे तेच झाड. ही रेघ. इथे नाही, इथे आहे.

मग ओळंब्याचं सांगितलं. सूनबाईने काठीचं सांगितलं.

कुणीतरी खोकलं. मग ड्रॉइंगचे सर उठले आणि मागच्या खिडकीशी गेले. त्या खिडकीतून डोंगर दिसतो. त्यांच्यामागून डेअरीवाला गेला. मग एकेक करून सगळेच. माझ्यासमोर रिकाम्या खुर्च्या, आणि सगळ्यांच्या पाठी. सर चष्मा पुसत होते. हळूच म्हणाले, "दिसते. वाट तुटलेली दिसते."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत गाद्या, भांडी, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या येत राहिल्या. टाचणीसुद्धा आली, शाळेच्या गणवेशांचं गाठोडं घेऊन. मशीन तिथेच राहिलं.

१९ सप्टेंबर

कडकडीत ऊन! सगळ्यांनी गच्चीवर कपडे वाळत घातले. डोंगर हिरवागार, कोवळा, नुसता बघत राहावा असा. मला त्याच्याकडे बघवेना.

कुजबुज सुरू झालीय. "पेंटरीणबाई, डोंगराला विचारा कधी येतो ते. आम्हाला कामं आहेत." सगळे हसले. मीही हसले. खोटं ठरावं, जन्मभर माझी टिंगल व्हावी — चालेल की मला. मनापासून चालेल.

दोन घरं परत गेली होती. मुलाने जाऊन, भांडून, परत आणली.

टाचणीचे हात स्वस्थ बसत नाहीत. "सोमवारी शाळा उघडते. बाह्या लावायच्या राहिल्यात. पोरांनी काय बनियनवर जायचं?"

मुलगा म्हणाला, "मावशी, उद्या दोघंतिघं जाऊन मशीन उचलून आणतो."

"आणशील रे राजा. तोवर शाळा सुटेल."

२० सप्टेंबर

सकाळी उठले तर टाचणीची गादी गुंडाळलेली. गाठोडं नाही. सूनबाईजवळ निरोप ठेवून गेली: "बाह्या लावून येते. दुपारच्या चहाला इथेच. माझ्या कपात साखर कमी घाल म्हणावं तिला."

पाऊस पुन्हा लागलाय. मुलगा तिला आणायला निघतोय. मी छत्री शोधतेय

२३ सप्टेंबर

आवाज फार मोठा नव्हता. ट्रकमधून खडी ओतावी तेवढाच. फक्त थांबेना.

मुलगा ओढ्यावरच्या पुलापर्यंत पोहोचला होता. पुलापलीकडे पाऊल पडायचं होतं, म्हणून वाचला. आणखी काही लिहीत नाही.

मी गच्चीवरून पाहिलं. झाडं पडली नाहीत. उभीच्या उभी खाली आली, आहेत तशी, चालत आल्यासारखी. मग धूर का धूळ काय ते. मग पाऊस त्यावर पडला आणि दिसायला लागलं. ह्यांच्या जागेवर उभी होते मी. समोर ह्यांचं चित्र होतं. खाली तपकिरी पट्टा. घर एकही नाही.

ओळीतली सगळी माणसं हॉलमध्ये होती. एक सोडून. काल टाचणी सापडली. मशीनपाशीच होती.

२४ सप्टेंबर

आता वेगळंच सुरू झालंय. चित्र हॉलच्या भिंतीला टेकलेलं आहे. माणसं येतात, लांब उभी राहतात. काहींनी हात जोडले. "त्यांना आधीच दिसलं होतं." "घरं काढलीच नव्हती बघा! जाणार हे ठाऊक होतं त्यांना." मुलं तिकडून जाईनाशी झालीत. एका बाईने येऊन सांगितलं, भिंतीकडे तोंड करून ठेवा हो ते.

दुपारी टाचणीचा भाऊ आला. परगावहून, काल पोहोचला. चित्रापुढे उभा राहिला. सगळ्यांनी सांगितलं असणार त्याला. माझ्याकडे न बघताच बोलला.

"माहीत होतं, तर सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, त्यांना माहीत नव्हतं.

"मग घरं का नाहीत?"

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. कुणी पाणी दिलं ते घेतलं नाही.

चित्र उलटं करावं म्हणून मीच उचललं. पत्रा हातात तिरका झाला, खिडकीचा उजेड त्यावरून आडवा गेला. आणि पट्ट्यावर रेघा दिसल्या. पेन्सिलीच्या. फिकट, रंगाखाली गेलेल्या नव्हे, रंगावर ओढलेल्या. अक्षरं लिहायच्या आधी पाटीवर आखायचे ना, तशा. उभ्या, आडव्या, ओळंब्यासारख्या सरळ. आमचं छप्पर. टाचणीचं छप्पर. तिची बुटकी भिंत. पुढची सगळी, ओळीने.

रंगाचं काम कसं करायचे हे? आधी पाया. मग मोठं मोठं. बारीक काम शेवटी, हात स्वच्छ धुऊन. "बारीक काम राहिलंय" — मला वाटलं होतं, गवताची पाती काढायची असतील!

घरं गाळली नव्हती. राहिली होती. त्याच आठवड्यात छातीचं निघालं, आणि हे गेले.

२६ सप्टेंबर

काल सरांकडून बारीक ब्रश मागून आणला. ह्यांचे घराबरोबर गेले. रंग डेअरीवाल्याकडे होते, दारं रंगवून उरलेले. हात धुतले. टाचणीच्या भावाला पायरीवरून आत बोलावलं, रेघा दाखवल्या, आणि विचारलं, तिच्या दाराला निळा कोणता देऊ, हा की हा? त्याने दोन्ही डबे उजेडाशी धरले. मग म्हणाला, "याच्यापेक्षा थोडा उडालेला." त्याने पत्रा धरला आणि मी सगळी घरं काढली. तिचं शेवटी.